डावा कान

४ जुलै २०२४
नातू जेवताना डावा कान धरून बसला. "बॉल लागला, आजी." मुलगा न जेवता झोपायला गेला. सून काहीच बोलली नाही.

५ जुलै
उशीवर रक्ताचा ठिपका. कानात शिट्टी वाजते म्हणतो. शेजारीण लसणाचं तेल कोमट करून घेऊन आली. कानात घालू दिलं नाही.

६ जुलै
चिखलीमार्गे बुलढाणा. कानाचे डॉक्टर. दवाखान्यात गाडीवरून पडलेला एक तरुण होता, कानातून पाण्यासारखं गळत होतं. डॉक्टरांनी आमचा नंबर थांबवला. डोक्याला मार लागून असं पाणी आलं, तर ते मेंदूभोवतीचं असू शकतं. कानात बोळा कोंबायचा नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. त्याची आई दारात उभी होती, पदर तोंडात धरून.

मग आम्ही. पडद्याला भोक, कडा फाटलेल्या. ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवला. आवाज डावीकडेच जास्त येतो म्हणाला. म्हणजे आतली नस बहुतेक शाबूत, अडथळा पडद्यापाशी. तीन हाडांची साखळीही जागेवर असावी. त्यातलं शेवटचं हाड जेमतेम ३ मिलिमीटरचं.

डॉक्टर म्हणाले, उघडा तळहात कानावर सपाट बसला की हवा आत कोंडते आणि पडदा फाटतो. पुढे काही विचारलं नाही. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

७ जुलै
पाणी नाही. तेल नाही. मनाने थेंब नाहीत. नाक जोरात शिंकरायचं नाही. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. चक्कर आली किंवा तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी दाखवायचं.

१९ जुलै
पैनगंगेला पाणी. पोरं पोहायला गेली. हा घरी.

२८ जुलै
कापसाला व्हॅसलीन आता मुलगाच लावतो. रोज, कामावर जायच्या आधी. दोघंही बोलत नाहीत.

९ ऑगस्ट
नागपंचमी. डावीकडून हळू हाक मारली. वळला!

२१ ऑगस्ट
रात्री शिट्टी जास्त ऐकू येते म्हणतो. पंखा लावून झोपतो.

२ सप्टेंबर
पोळा. गल्लीत बैल आले. मुलाने त्याला खांद्यावर घेतलं. तो आधी अंग चोरून होता, मग बापाचे केस धरले.

४ सप्टेंबर
पुन्हा बुलढाणा. पडदा आपोआप भरला, ऑपरेशन नको. ऑडिओमेट्रीत बारीक, उंच सुरांना डावा कान थोडा मागे. आतल्या कानाच्या केसपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. डॉक्टर लिहीत होते, "कशाने लागलं?" नातू म्हणाला, बॉल. मुलगा म्हणाला, "माझा हात लागला, डॉक्टर."

परत येताना चिखलीला दोघांनी भजी खाल्ली.

७ सप्टेंबर
गणपती बसले. मंडळाच्या पोरांना सांगितलं, स्पीकर आमच्या दारातून हलवा. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. हलवला. पुढची तपासणी डिसेंबरात. शिट्टी अजून आहे.