सर्व्हिसला टाकताय? जुना पार्ट मागा

ऐन वाफशात ट्रॅक्टरचा क्लच घसरू लागला. खापरहून शोरूमच्या वर्कशॉपला नेला. तीन दिवस ठेवला अन् क्लच प्लेटचं बिल दिलं. जुनी प्लेट मागितली, तर म्हणे फेकली. आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या वर्कशॉपच्या पोराने शेजारी उभं करून दाखवलं, "काका, पेडलला फ्री प्लेच नाही. मग क्लच पूर्ण बसत नाही, घसरून जळतो." त्याने प्ले सेट केला, थोडेच पैसे घेतले. वाफसा मात्र गेला. पहिल्यांदा प्लेट खरंच बदलली का, आजही माहीत नाही.

आता जॉब कार्डवर तक्रार लिहून घेतो, खर्च आधी विचारतो, जुना पार्ट घरी आणतो. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.