लँकेस्टरच्या पोटात

रिव्हेट ठोकायला दोघं लागतात. एक जण बाहेरून हवेवर चालणारी गन लावतो. दुसरा विमानाच्या पोटात अंग चोरून बसतो आणि रिव्हेटच्या शेपटीवर पोलादी ठोकळा दाबून धरतो. मध्ये पत्रा असल्याने त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आतल्याने दोनदा टकटक केली की जमलं. एकदाच केली तर आणखी ठोकायचं. लिंकनशायरमधल्या ईस्ट कर्कबीच्या हँगरमध्ये, हिवाळ्यातल्या एका सकाळी, मी हे बराच वेळ बघत उभा होतो. तेवढ्यात जेमतेम हातभर काम पुढे सरकलं.

विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बाँबर, लँकेस्टर एनएक्स ६११, लाडाचं नाव 'जस्ट जेन'. १९४५ मध्ये लाँगब्रिजच्या ऑस्टिन कारखान्यात ते बांधलं गेलं. जपानविरुद्ध पाठवण्याआधीच युद्ध संपलं. पुढे ते फ्रेंच नौदलाकडे गेलं, पार पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियापर्यंत पोचलं आणि १९६५ मध्ये उडत इंग्लंडला परतलं. नंतर अनेक वर्षं स्कॅम्प्टन हवाईतळाच्या फाटकाशी ते शोभेला उभं होतं.

तिथून ते मिळवलं फ्रेड आणि हॅरल्ड पँटन या कोंबड्या पाळणाऱ्या शेतकरी भावांनी, १९८३ मध्ये. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर हॅलिफॅक्स बाँबरवर फ्लाइट इंजिनिअर होता. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेली ९५ ब्रिटिश बाँबर विमानं परतली नाहीत. त्यांतल्या एकात तो होता, वय १९. विमान ठेवायला भावांकडे होती ती ईस्ट कर्कबीच्या जुन्या हवाईतळाची जमीन. युद्धात ५७ आणि ६३० स्क्वॉड्रनची लँकेस्टर इथूनच उडत.

इथली कामाची पद्धत मला फार आवडली. उन्हाळ्यात चारही मर्लिन इंजिनं सुरू होतात आणि प्रवासी घेऊन विमान जमिनीवरून धावतं. ते पुन्हा उडावं म्हणून हिवाळ्यात त्याचा एखादा भाग उघडून दुरुस्त करतात. त्यामुळे काम लांबतं, पण विमान लोकांच्या नजरेआड जात नाही.

आणि उघडल्यावर काय निघेल, ते कुणालाच आधी माहीत नसतं. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. रंगाखाली पांढरी भुकटी साठते आणि जाड भागांचे चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. मग जुने रिव्हेट ड्रिलने काढायचे, आतल्या बरगड्या तपासायच्या, जुन्या पत्र्यावरून नव्यावर भोकं पाडायची, प्रायमर मारायचा आणि तात्पुरत्या पिनांनी पत्रा जागेवर बसवायचा. ड्यूरल्युमिन या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे काही रिव्हेट तापवून थंड केले की आपोआप कडक होऊ लागतात. म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवतात आणि लागतील तेवढेच बाहेर काढतात. प्रत्येक तुकडा कुठून आला, कुणी बसवला, कुणी तपासला, याची नोंद होते; ती नसेल तर उड्डाणाची परवानगी मिळणारच नाही. बनलेल्या ७,३७७ लँकेस्टरपैकी आज दोनच उडतात. एक इथून जवळच कॉनिंग्जबीला आहे, दुसरं कॅनडात हॅमिल्टनला.

मी पुण्याचा आहे म्हटल्यावर पोटातून बाहेर आलेल्या कारागिराने लगेच लिबरेटरचा विषय काढला. युद्धानंतर कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली ही अमेरिकी बाँबर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी १९४८ मध्ये उडण्याजोगी केली. टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे पक्की दुरुस्ती होऊन ती हवाई दलात आली, पुण्याच्या लोहगावहून उडाली आणि १९६८ पर्यंत टिकली. आज ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातल्या संग्रहालयांत त्यांतली काही उभी आहेत.

त्याला मुन्शींची कथा पाठ होती. त्याला हवे होते ते कानपूरच्या रोजच्या कामाचे फोटो: पत्रा कुठून आणला, इंजिनं कशी धुतली, आत ठोकळा धरून कोण बसलं. पुण्या-बंगळूरच्या जुन्या घरांत असा एखादा आल्बम असेल तर मला तो बघायचा आहे, आणि त्यालाही दाखवायचा आहे.