जाब कोणी द्यायचा?

अधिकार आणि जबाबदारी ही एकाच गाडीची दोन चाके, अशी आम्हा सरकारी नोकरांची समजूत असते. म्हणूनच बंगळूरच्या एका कंपनीत ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ असलेल्या माझ्या धाकट्या भावाची नोकरी मला बरेच दिवस उमगली नव्हती. त्याच्या हाताखाली एकही माणूस नाही. अभियंत्यांचे वरिष्ठ निराळे, विक्री पाहणाऱ्यांचे निराळे. तो हुकूम कोणालाच करू शकत नाही. मात्र तयार झालेली वस्तू गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडली नाही, तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

गंमत अशी की, या पदाचे मूळ एका कचेरीतल्या टिपणात सापडते. १३ मे १९३१ रोजी अमेरिकेतील ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ या कंपनीत नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाने वरिष्ठांना तीन पानांचे टिपण सादर केले. ‘कॅमे’ साबणाच्या जाहिरातींचे काम त्याच्याकडे होते आणि घरच्याच ‘आयव्हरी’पुढे तो साबण झाकोळून जात होता. मॅकेलरॉयचे म्हणणे असे की, प्रत्येक मालामागे एक माणूस उभा असावा. खप कोठे खुंटला ते त्याने आकड्यांवरून ताडावे, तेथे स्वतः जाऊन दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलावे, उपाय सुचवावा आणि परिणामाची जबाबदारी पत्करावी. टिपण मान्य झाले. पुढे १९५७ साली हाच गृहस्थ अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला!

टिपणे आम्हीही लिहितो. पूर्वी हिरव्या कागदावर लिहीत होतो, आता संगणकाच्या पडद्यावर. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी सह्यांची शिडी चढत ती वर जातात. सार्वजनिक पैसा एकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, म्हणून ही शिडी हवीच. परंतु इतक्या सह्यांत विलंब वाटला जातो आणि वाटून घेतलेला विलंब कोणालाच जड होत नाही. जड होतो तो खाली वाट पाहणाऱ्याला.

वडील वारल्यावर आईचे कुटुंब-निवृत्तिवेतन सात महिने अडले होते. प्रत्येक टेबलावर नियम बरोबर होता. कागद मात्र हलत नव्हता. अखेर तेथल्या एका कारकुनाने, “आई, हे आता माझ्याकडे राहू द्या,” असे म्हटले. त्याला मंजुरीचा अधिकार नव्हता. तो टेबलाटेबलाशी गेला, कोणता दाखला कोठे अडला आहे ते त्याने शोधले, एकाची अडचण दुसऱ्याला समजावून सांगितली. भावाचे काम याहून फारसे निराळे नाही, हे मला तेव्हा कळले.

आदेशावर सही वरिष्ठांची होती, आणि ती त्यांचीच असावयास हवी. आई मात्र अजूनही नाव घेते ते त्या कारकुनाचे.