संशय कोणावर?

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय इसमाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली प्राण गेला, तेव्हा आपल्याही घराघरांतून हळहळ व्यक्त झाली. ती हळहळ खरी होती. परंतु वाचकहो, सातासमुद्रांपलीकडचा अन्याय जितका स्पष्ट दिसतो, तितका अंगणापलीकडचा दिसत नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो चोर, असे त्यात गृहीतच धरले होते. पोलिसांत नाव नोंदवावे, हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये. सोलापुरास तर अशा कुटुंबांसाठी तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला व त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. पुढे १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. (आमचे सुरत तेव्हा मुंबई राज्यातच होते.) कायद्यातून जमात गेली, नजर मात्र जुन्याच वस्त्यांवर राहिली. १९९८ साली बंगालातील बुधन शबर आणि बारामतीचा पिन्या हरी काळे हा पारधी, दोघेही कोठडीत मरण पावले.

हे सारे पोलिसांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येत नाही. बमरोलीत यंत्रमागांच्या आसऱ्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘तुम्ही कोठले?’ या प्रश्नातील खोच चांगली ठाऊक आहे. तरीही आमच्या माहितीच्या एका चाळीतून सायकल व दोन पातेली नाहीशी झाली आणि ‘संशय कोणावर?’ असे विचारले जाताच चौघे एकदम म्हणाले, ‘मैदानातले तंबूवाले!’ कोणी पाहिले होते काय? कोणीही नाही. बाप व लेक यांस उचलून नेले. तिसऱ्या दिवशी ते परतले, तेव्हा बापाला धड बसता येत नव्हते. वस्तू मिळाल्या नाहीत. आठवड्याभरात तंबू उठले. त्या घरातील धाकटी मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली होती, तिची पाटीही गेली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींतील लोकांस मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांस बजावले आहे. अटकेपासून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, नातलगास कळविणे हे तर आधीपासूनच बंधनकारक आहे. शिवाय १९९६ च्या निकालानुसार अटकेच्या वेळीच टिपण लिहावे लागते आणि त्यावर एका साक्षीदाराची सही घ्यावी लागते. तो साक्षीदार घरचा असावा किंवा त्या भागातील प्रतिष्ठित मनुष्य. त्या चाळीत असे निदान दहा जण होते, आणि सारे त्या वेळी ओट्यावर उभे होते.