उसनी बंदूक, उसनी भाषा

कलेंतील उसनवारीचा वाद निघाला कीं, मूळ मालक कोण हा प्रश्न प्रथम पुढें येतो. ताकाशी मीइके या जपानी दिग्दर्शकाचा २००७ सालचा ‘सुकियाकी वेस्टर्न जँगो’ पाहिल्यावर, घेतलेल्या वस्तूचें घेणाऱ्यानें काय केलें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटूं लागला आहे.

या चित्रपटाची वंशावळ मोठी मौजेची आहे. १९६१ सालीं अकिरा कुरोसावा यांनीं ‘योजिम्बो’ काढला. दोन टोळ्यांनीं पोखरलेल्या गांवांत एक निराश्रित सामुराई येतो व दोहोंस झुंजवून संपवितो, ही त्याची कथा. इटलीच्या सर्जिओ लिओने यांनीं ती १९६४ सालीं न विचारतां उचलली आणि नायकाच्या हातीं तलवारीऐवजीं पिस्तूल दिलें. प्रकरण भरपाईवर मिटलें. १९६६ सालीं सर्जिओ कोर्बुची यांचा, शवपेटी ओढीत फिरणारा ‘जँगो’ आला. हा सारा ऐवज मीइके यांनीं पुन्हां जपानांत नेला. इटालियन चित्रांस ‘स्पॅघेटी’ म्हणतात, तर हें सुकियाकी, म्हणजे मांस व भाज्या एकाच पातेल्यांत शिजविण्याचा जपानी प्रकार.

११८५ सालीं दान्-नो-उरा येथें गेन्जींनीं हेइके कुळाचा निःपात केला. त्यानंतर कांहीं शतकांनीं त्यांचे पांढरे व तांबडे वारस एका डोंगरी गांवांत सोन्यासाठीं झगडत आहेत, अशी येथें कल्पना आहे. आणि हीं जपानी माणसें बोलतात तें इंग्रजींत! इंग्रजी शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्या कानांस तीं पाठ केलेलीं वाक्यें प्रथम टोंचलीं. परंतु हेइकेंचा नायक कियोमोरी शेक्सपिअरचें ‘सहावा हेन्री’ वाचतो, त्यांतील तांबड्या गुलाबाशीं आपलें नातें जोडतो आणि आपणांस हेन्री म्हणावें असा हुकूम सोडतो, तेव्हां आमचें हंसूं ओठांवरच थांबलें. गर्विष्ठांचा टिकाव लागत नाहीं, हें ‘हेइके मोनोगातारी’ या त्याच्याच कुळाच्या गाथेंत सांगितलेलें आहे. तें घरचें पुस्तक बाजूस सारून हा परक्या नाटकांत आपल्या विजयाचें भाकीत शोधतो! इंग्रजी विद्येवर वाढलेल्या आमच्या वर्गास हा गृहस्थ अगदींच अनोळखी नाहीं. परकी विद्या घेण्यांत कमीपणा नाहीं. पण तिच्यांत आपले दोष न दिसतां केवळ आपलें वैभवच दिसूं लागलें, तर ती घेऊन उपयोग काय?

चित्रपटाचा दोष त्याच्या रक्तपातांत आहे. ‘योजिम्बो’च्या आरंभीं एक कुत्रें तुटका हात तोंडांत धरून रस्त्यानें जातें. त्या एका हातानें अंगावर जो कांटा येतो, तो येथील प्रेतांच्या राशींनीं येत नाहीं. रंगांची व वेषांची नजाकत डोळ्यांस सुखविते, आणि मृत्युही त्या नजाकतीचाच एक भाग होऊन बसतो. दोन्ही कुळांचें रक्त अंगीं असलेल्या एका लहान मुलाचा बाप मारला जातो, तेवढें मरण मात्र मनास लागतें.

हाच मुलगा पुढें इटलींत गेला व जँगो म्हणून ओळखला गेला, असें अखेरीस सांगण्यांत येतें. म्हणजे ऋणकोच सावकार होऊन बसला! थट्टा खरी, आणि आम्हांस ती आवडली. पण त्या पोरानें सोबत काय नेलें, कुळांचें वैर कीं त्यांच्या नाशाची आठवण, हें चित्रपट सांगत नाहीं. उसनें कोठूनही आणावें. घरची आठवण तेवढी गहाण ठेवूं नये, इतकेंच आमचें म्हणणें.