बारापैकी दोन

ल्यूपस या ऑटोइम्यून विकारात शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिपिंडे मूत्रपिंडातील ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या सूक्ष्म गुच्छांत, साचून दाह निर्माण करतात, तेव्हा त्या अवस्थेला ल्यूपस नेफ्रायटिस म्हणतात. आणि हा दाह कोणत्या प्रकारचा आहे हे रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून खात्रीने सांगता येत नसल्यामुळे, दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून अधिक प्रथिने लघवीवाटे जाऊ लागली की सहसा बायप्सीचा सल्ला दिला जातो. प्रस्तुत लेखिकेच्या बाबतीत हे प्रमाण ३ ग्रॅमच्या पुढे गेले होते. पालथे निजून, सुई आत जाताना श्वास रोखून धरणे आणि नंतर काही तास उताणे पडून लघवी लाल होते का याची वाट पाहणे, हा भाग लवकर विसरला गेला. अहवालाचे तसे झाले नाही.

अहवालात ‘वर्ग चौथा’ असे लिहिले होते, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ ‘चौथी स्टेज’ असा लावला. कर्करोगामुळे हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यात नवल नव्हते. मात्र २००३ साली निश्चित झालेले आणि २०१८ साली सुधारणा सुचवलेले हे सहा वर्ग म्हणजे क्रमाने चढत जाणारी शिडी नव्हे. पहिल्या दोन वर्गांत बदल गुच्छाच्या आधारऊतीपुरता राहतो, तिसऱ्यात निम्म्याहून कमी गुच्छ दाहग्रस्त असतात, चौथ्यात निम्मे किंवा अधिक. पाचव्यात साठे केशवाहिन्यांच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसतात आणि तो तिसऱ्या किंवा चौथ्यासोबतही आढळू शकतो. सहाव्यात मात्र ९० टक्के किंवा त्याहून अधिक गुच्छ पूर्णपणे वणावलेले असल्याने तेथे औषधाला फारसे काम उरत नाही.

सुईने आणलेल्या धाग्यात १४ गुच्छ होते आणि त्यांपैकी ९ दाहग्रस्त होते. ते ६ असते तर त्याच मूत्रपिंडावर ‘वर्ग तिसरा’ अशी नोंद झाली असती. एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गुच्छ असतात, हे ध्यानात घेतले की तिसरा आणि चौथा यांमधली रेषा किती बारीक आहे ते कळते, आणि दोहोंचे औषधोपचार बहुतांशी एकच का असतात याचाही उलगडा होतो.

नेफ्रॉलॉजिस्टांची नजर वर्गावर न थांबता खालच्या दोन आकड्यांवर गेली: सक्रियता २४ पैकी ११ आणि जीर्णता १२ पैकी २. पहिल्या निर्देशांकात चालू दाहाच्या खुणा मोजल्या जातात, ज्यांत ऊतीचा नाश आणि गुच्छाभोवती चंद्रकोरीसारखा जमलेला पेशींचा थर यांचे गुण दुप्पट धरले जातात. दुसऱ्यात गुच्छांवरचे व्रण, तंतुमय झालेल्या चंद्रकोरी, आक्रसलेल्या नलिका आणि त्यांच्यामधली तंतुमयता येते. सक्रियता स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेटसारख्या औषधांनी उतरू शकते, जीर्णता सहसा उतरत नाही. म्हणून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधताना अकरापेक्षा दोन हा आकडा जास्त मोलाचा, असे त्यांनी समजावले, आणि त्या दिवसापासून घरात ‘चौथी स्टेज’ हा शब्दप्रयोग बंद झाला.

एवढे असूनही वर्गीकरणाला सगळे दिसते असे नाही. फॉस्फोलिपिड-विरोधी प्रतिपिंडांमुळे सूक्ष्म वाहिन्यांत होणाऱ्या गुठळ्या या सहा वर्गांत कोठेच बसत नाहीत, आणि एकच काच दोन पॅथॉलॉजिस्टांनी पाहिली तर गुणांत फरक पडू शकतो (मूळ काचा जपून ठेवाव्यात, ही सूचना रुग्णांना कोणी क्वचितच देते). शिवाय युरो-ल्यूपस चाचणीतील रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात, बारा महिन्यांनी लघवीतील प्रथिने दिवसाला साधारण ०.८ ग्रॅमच्या खाली आली असणे, हे मूत्रपिंड दीर्घकाळ टिकण्याचे चांगले लक्षण ठरले. म्हणजे भाकिताचा मोठा वाटा काचेवर नसून पहिल्या वर्षाच्या औषधोपचारात दडलेला असतो. लेखिकेचा वर्षअखेरचा आकडा ०.४ होता.

तीन वर्षांनंतर औषधे थांबवण्याचा विषय निघाला, तेव्हा दुसऱ्या बायप्सीची सूचना पुढे आली, कारण लघवी निर्मळ असतानाही गुच्छांत दाह शिल्लक राहिल्याचे काही रुग्णांत आढळते. लेखिकेने संमतिपत्रावर सही केली, आणि जुन्या काचांचा डबा सोबत नेला.