लोखंडी ट्रंक, पत्र्याची खोली आणि छातीचे दोन फोटो

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. तेथील सत्तरी ओलांडलेल्या एका आजींकडे स्वतःच्या छातीचे दोन फोटो आहेत. एक्स-रेला खेड्यात आजही ‘फोटो’च म्हणतात. पहिला १९८७ सालचा, दुसरा २०११ सालचा. चोवीस वर्षांनी जुना असलेला फोटो आज स्पष्ट दिसतो आणि नवा मात्र राखेसारखा काळवंडला आहे. असे उलटे का घडले, त्याची ही हकिगत. #थ्रेड

प्रश्न उपस्थित झाला तो खोकल्यामुळे. परभणीच्या एका डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक डाग दिसला. १९८७ मध्ये आजींना क्षयरोग झाला होता. अनेक महिने गोळ्या आणि इंजेक्शने घेऊन त्या बऱ्या झाल्या होत्या. आता दिसणारा डाग म्हणजे त्या वेळचा भरून आलेला व्रण, की काही नवेच? डॉक्टरांनी थुंकीची तपासणी लिहून दिली आणि विचारले, “आजी, जुना फोटो आहे का घरी?”

या साध्या प्रश्नाला इतिहासाच्या दृष्टीने मोठे मोल आहे. भारतात फिल्म बहुधा रुग्णाच्याच हाती दिली जाते. दाखल झालेल्या रुग्णांचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपावेत, असे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. त्यापुढचे दफ्तर कोठे असते? घरोघरच्या ट्रंकांत, साड्यांच्या घडीखाली, डांबरगोळ्यांच्या वासात. खेड्यातील माणसाच्या शरीराचा लिखित इतिहास शोधायचा, तर तो तेथेच सापडण्याचा संभव अधिक.

आजींच्या दोन पाकिटांवरही थोडा इतिहास आहे. पहिल्यावर ‘मु. पो. हट्टा, जि. परभणी’ असे लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘जि. हिंगोली’. गाव जागचे हलले नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, एवढेच.

आता थोडे मागे जावे लागेल. विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. सुरुवातीच्या प्रतिमा काचेच्या पट्ट्यांवर उमटत. पुढे सेल्युलोज नायट्रेटची फिल्म आली. ती हलकी होती, पण भयंकर ज्वालाग्राही. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या अशा फिल्मांनी पेट घेतला आणि विषारी धुराने १२३ माणसे दगावली. त्यानंतर सुरक्षित फिल्मचा आग्रह वाढला. आज हाती येते ती निळसर पॉलिएस्टरची फिल्म साठच्या दशकापासून रूढ झाली. भारतात उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेला ‘हिंदुस्तान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना ‘इंदू’ या नावाने एक्स-रे फिल्म बनवीत असे. तोही पुढे आजारी पडून बंद झाला.

फिल्मखालचा आधार बदलत गेला, तरी प्रतिमा उमटवण्याची रीत शंभर वर्षे तीच राहिली. त्या रीतीचा कणा होता पाणी.

डार्करूममध्ये तांबड्या मंद दिव्याखाली फिल्म स्टीलच्या हँगरला लावायची. आधी डेव्हलपरच्या टाकीत बुडवायची, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये आणि शेवटी वाहत्या पाण्यात बराच वेळ धुऊन वाळत घालायची. डेव्हलपर प्रतिमा उघड करतो, तर फिक्सर न वापरली गेलेली चांदीची संयुगे विरघळवून काढून टाकतो. अखेरचे धुणे त्या फिक्सरचाच अंश घालवण्यासाठी असते. ते अपुरे राहिले, तर काही वर्षांनी फिल्मवर पिवळसर-तपकिरी डाग पडतात.

पुस्तकांत डेव्हलपरचे तापमान साधारण २० अंश सेल्सिअस धरलेले असे. मराठवाड्यात मे महिन्यात टाकीतले पाणीच त्याहून कितीतरी गरम. म्हणून तंत्रज्ञ टाकीशेजारी बर्फ ठेवीत, वेळ कमी-जास्त करीत, आणि कोणत्या महिन्यात फिल्म किती बुडवायची हे हाताला ठाऊक होऊन जाई. १९५६ मध्ये कोडॅकने हे सारे सहा मिनिटांत करणारे रोलरचे यंत्र आणले, पण त्यालाही रसायने आणि पाणी लागतच असे. लहान गावांत टाक्या आणि हँगर पुढेही बरीच वर्षे टिकले.

आजींच्या १९८७ च्या फिल्मच्या एका कडेला असाच तपकिरी ओघळ आहे. धुणे आटोपते घेतले गेले, हे तो सांगतो. टंचाईच्या दिवसांत एका फिल्मवर किती पाणी घालवावे, हा विचार त्यामागे असावा, असे मानण्यास जागा आहे. मात्र मधला सारा भाग स्वच्छ आहे. फासळ्या मोजता येतात, शिशाच्या अक्षरांनी उमटवलेली तारीख वाचता येते आणि उजव्या बाजूचा डागही दिसतो.

दुसरी फिल्म अगदी निराळ्या कुळातली. १९८१ मध्ये फुजी कंपनीने कॉम्प्युटेड रेडिओग्राफी जगापुढे मांडली. तिच्यात किरण फॉस्फरच्या पट्टीवर पडतात, यंत्र ती पट्टी वाचते आणि प्रतिमा संगणकात जाते. म्हणजे फिल्म आता किरण झेलत नाही. ती केवळ छापील प्रत असते. ही प्रत पाण्याविना काढण्याची यंत्रे नव्वदच्या दशकात आली. ‘थ्री-एम’चा ‘ड्रायव्ह्यू’ त्या दशकाच्या मध्यावर बाजारात आला. पुढे तो कोडॅककडे आणि २००७ मध्ये केअरस्ट्रीमकडे गेला. ॲग्फाचा ‘ड्रायस्टार’, फुजीचा ‘ड्रायपिक्स’ ही त्याच पिढीतील परिचित नावे.

यांची युक्ती विलक्षण आहे. फिल्मच्या थरातच चांदीचे एक सेंद्रिय संयुग, सिल्व्हर बेहेनेट, आणि त्याच्यावर क्रिया करणारे रसायन शेजारी शेजारी मिसळलेले असते. गार असताना दोघे स्वस्थ. उष्णता मिळताच क्रिया सुरू होते आणि काळी चांदी सुटी होते. ड्रायव्ह्यूमध्ये लेझर आधी अदृश्य प्रतिमा लिहितो, मग साधारण १२० अंशांच्या तापलेल्या रुळावरून फिल्म काही सेकंद फिरते. ड्रायस्टारमध्ये लेझरही नाही. इंचाला तीनशेहून अधिक सूक्ष्म तापक असलेली पट्टी फिल्मवर थेट उष्णतेने चित्र उमटवते. (बेहेनिक आम्ल हे शेवग्याच्या बियांच्या तेलात आणि थोड्या प्रमाणात भुईमुगाच्या तेलातही असते. परसातल्या झाडाचे हे नाते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.)

या बदलाने काय साधले, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या प्रदेशात अशी वेळ येते, तेथे फिल्म धुण्याची गरजच संपावी ही लहान गोष्ट नव्हती. अंधारी खोली गेली, रसायनांचा वास गेला, चांदीमिश्रित फिक्सर गटारात सोडणे थांबले. टेबलाएवढे यंत्र उजेडात ठेवता येऊ लागले. त्याबरोबर बर्फाचा अंदाज जाणणारे हातही निरुपयोगी झाले. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

आणि एक गोष्ट फिल्मच्या पोटातच राहून गेली. ओल्या फिल्ममधून न वापरलेली चांदीची संयुगे धुऊन निघतात. कोरड्या फिल्ममधून काहीच बाहेर जात नाही. न वापरलेले संयुग आणि त्याचा जोडीदार प्रतिमेच्या शेजारीच निजलेले असतात. म्हणून अशी फिल्म थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी, असे सांगितले जाते. उन्हात उभ्या मोटारीत राहिलेली फिल्म काळवंडते, ती याच कारणाने. थंड जागी नीट ठेवलेली कोरडी फिल्म पुष्कळ वर्षे टिकते, हेही येथे न्यायाने सांगितले पाहिजे.

हट्ट्याच्या त्या घरात जुनी फिल्म माळवदाच्या खोलीत होती. जाड मातीच्या छपराखाली, लोखंडी ट्रंकेत. घर वाढवले तेव्हा पुढे पत्र्याची खोली बांधली गेली आणि २०११ ची फिल्म तिच्या फळीवर, पत्र्यापासून हातभर अंतरावर ठेवली गेली. उन्हाळ्यात त्या फळीला हात लावला, तर चटका बसतो. छपाईयंत्राने काही सेकंदांत जे थांबवले होते, ते पत्र्याने अनेक उन्हाळे हळूहळू चालू ठेवले.

फिल्मचा टिकाऊपणा केवळ औषधोपचाराचा विषय नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० प्रमाणे हाड मोडणे ही ‘जबर दुखापत’ ठरे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती व्याख्या कलम ११६ मध्ये आहे. बांधावरच्या भांडणात हात मोडला की नाही, यावर कलम बदलते, आणि मोडल्याचा पुरावा बहुतेकदा एक्स-रेच असतो. खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो.

ट्रंकेतल्या फिल्मांवर इतर संकटेही येतात. चांदीसाठी त्या भंगारात विकल्या जातात. ग्रहणाच्या दिवशी मुले त्यांतून सूर्य पाहतात. ते डोळ्यांना घातक आहे, असे नेत्रतज्ज्ञ प्रत्येक ग्रहणाला सांगत आले, तरी सवय काही पुरती गेलेली नाही. आता अनेक ठिकाणी फिल्मही मिळत नाही. पडद्यावरच्या प्रतिमेचा मोबाइलने फोटो काढून घ्या, असे सांगितले जाते. त्या फोटोचे आयुष्य मोबाइलच्या आयुष्याएवढे.

आजींच्या नातवाने दोन्ही पाकिटे परभणीला नेली. डॉक्टरांनी २०११ ची फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली आणि लगेच काढून ठेवली. मग १९८७ ची लावली. नवा एक्स-रे शेजारी धरून त्यांनी बराच वेळ पाहिले. डाग त्याच जागी होता, तेवढाच होता. थुंकीच्या तपासणीतही काही निघाले नाही. क्षयाची औषधे पुन्हा सुरू करावी लागली नाहीत; खोकल्याचे साधे औषध मिळाले.

“डॉक्टरनं तवा सांगितलं व्हतं, फोटू जपून ठेवा म्हणून,” एवढेच आजी म्हणाल्या. या खेपेचा एक्स-रेही कोरड्या फिल्मवरच छापलेला आहे. तो आता माळवदाच्या खोलीत, त्याच ट्रंकेत, जुन्या पाकिटाखाली आहे.